दाब नको, वेळ हवा

आमवाताला स्वतःचं घड्याळ असतं. सकाळी सातला माझी मूठ वळत नाही. बोटं अर्धी मिटतात आणि तिथंच अडतात. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसलं की नऊच्या सुमाराला पेरं सैल व्हायला लागतात. अकरापर्यंत कपाचा कान धरता येतो, दुपारी तीनला मी जवळजवळ पूर्वीची असते, आणि दिवेलागणीला मनगट दिवसभराच्या कामाचा हिशेब मागू लागतं. हा क्रमही रोज पाळला जाईल याची खात्री नसते. काही कारण नसताना एखादा आठवडा आजार उसळतो आणि मग तीनची मूठही सातच्या मुठीसारखीच होते.

साताऱ्याच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवायची, पुढे मुख्याध्यापिका झाले, आता निवृत्त आहे. आजार आला तेव्हा शाळेची कामं कागदावरून संगणकावर चालली होती. पटसंख्या, शिष्यवृत्त्या, पगारबिलं, बदल्या, सगळं पडद्यावर भरायचं. निवृत्तीनंतर बँक, पेन्शन, वीजबिल, रेल्वेचं तिकीट आणि माझं लिखाण. दुखणारा हात आणि संगणक यांच्याशी माझी ओळख अशी एकाच काळात झाली. या सहवासातून एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. संगणक हाताकडून ताकद मागत नाही. ताकदीची आणि घाईची अट त्याच्यावर माणसांनी लादली आहे, आणि माणसांनी लादलेलं माणसांना काढून घेता येतं.

आधी आजाराविषयी थोडं सांगायला हवं, कारण ‘संधिवात’ म्हटलं की म्हातारपण आणि गुडघे एवढंच डोळ्यांपुढे येतं. संधिवाताचे प्रकार शंभरावर आहेत. हातांना गाठणारे त्यातले दोन मुख्य. एक झिजेचा. तो उतारवयात येतो आणि बोटांच्या टोकाचे सांधे व अंगठ्याचं मूळ धरतो. दुसरा आमवात. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि वेळेवर आवरलं नाही तर कूर्चा आणि हाड पोखरू लागतं. दोन्ही हात सारखेच धरले जातात: मुठीचे सांधे, बोटांची मधली पेरं, मनगट. आयुर्वेदातल्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, तेव्हा हे दुखणं काही आजकालचं नाही. १९९६ साली इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती. तिच्यात आमवाताचं प्रमाण प्रौढांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं, म्हणजे दोनशे माणसांमागे एक. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि पुष्कळदा तो ऐन कामाच्या वयात, तिशी-चाळिशीतच सुरू होतो. त्या वयातल्या माणसाला आज संगणकाला हात न लावता कचेरीतली नोकरी करता येईल अशी जागा क्वचितच सापडेल.

आता ताकदीकडे येते. माझ्या हातातून सगळ्यात आधी खडू गेला. खडू तीन बोटांच्या चिमटीत धरावा लागतो आणि फळ्यावर दाबावा लागतो. दाबला नाही तर शेवटच्या बाकावर अक्षर पोचत नाही. मग पेन. पेनाभोवती फोमची नळी गुंडाळून ते जाड करून घेतलं, त्यावर काही वर्षं निभावली. शाळेच्या कचेरीत तेव्हा मराठी टंकलेखन यंत्र होतं. लेखनिक भाऊसाहेब त्याच्यावर काम करायचे तेव्हा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत यायचा. कळ खोलवर दाबल्याशिवाय खिळा उडून फितीवर आपटायचा नाही. शिफ्ट दाबली की आतला जड भाग उचलला जायचा, आणि तेवढा जोर करंगळीनं लावायचा. कार्बन घालून चार प्रती काढायच्या असतील तर शेवटच्या प्रतीपर्यंत पोचायला प्रत्येक अक्षर ठोकावं लागायचं. त्या यंत्रावर दुखणाऱ्या हाताला जागाच नव्हती. कुणी कितीही भल्या मनाचं असतं तरी त्यात काही करता आलं नसतं, कारण अक्षर उमटायचं तेच मुळी आघातानं.

संगणकाच्या कळीला साधारण ५०-६० ग्रॅम वजनाएवढा दाब पुरतो, आणि तोही केवळ तिच्याखालची जोडणी होण्यापुरता. हळूच टेकवलेल्या बोटाचं अक्षर आणि ठोकलेल्या बोटाचं अक्षर पडद्यावर सारखंच काळं उमटतं. हे मला पहिल्यांदा जाणवलं तेव्हा फार मोठं वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. लिहिण्याच्या मी हाताळलेल्या साधनांमध्ये दुबळ्या हाताचं आणि बळकट हाताचं अक्षर असं सारखं कधी आलं नव्हतं. बोरूला, टाकाला, खडूला हात कळायचा. संगणकाला फक्त खूण हवी. ती खूण बोटानं द्या, कोपरानं द्या, पायानं द्या, तोंडानं बोलून द्या, त्याला फरक पडत नाही.

आणि या यंत्रकुळीचा इतिहास पाहिला तर तिथंही हेच आहे. १८०८ च्या सुमारास इटलीत पेलेग्रिनो तुर्री नावाच्या माणसानं एक लेखनयंत्र बनवलं, ते दृष्टी गेलेल्या आपल्या मैत्रिणीला स्वतःच्या हातानं पत्रं लिहिता यावीत म्हणून. ते यंत्र उरलं नाही, पण तिनं त्याच्यावर लिहिलेली पत्रं उरली आहेत. पुढे ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टनं भरल्या सभागृहापुढे माऊस दाखवला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पट्टीही होती. त्या पाच कळा वेगवेगळ्या जोड्यांत दाबून तो अक्षरं लिहू शकत होता. म्हणजे ज्या दिवशी जगानं माऊस पाहिला, त्याच दिवशी माऊस आणि नेहमीच्या कीबोर्डला सोडून तिसरी वाटही त्याच टेबलावर मांडलेली होती. अनेक वाटा असणं हा या यंत्राचा मूळ स्वभाव आहे. मग आम्ही अडतो कुठे?

डबल क्लिकवर अडतो. निरोगी हाताला डबल क्लिक ही कृती म्हणून जाणवतच नाही. तर्जनीनं बटण दाबायचं, सोडायचं, आणि पुन्हा दाबायचं. विंडोजनं त्यासाठी मुळात ठरवून ठेवलेली मुदत अर्ध्या सेकंदाची आहे. दोन दाबांच्या मधे पडद्यावरचा बाण जागचा हलता कामा नये. म्हणजे तर्जनी चपळ हवी आणि त्याच क्षणी अंगठा, करंगळी, मनगट स्थिर हवं. माझ्या तर्जनीच्या मुळाशी सूज असते. पहिला दाब नीट पडतो. दुसऱ्याच्या वेळी बोट उचलायला उशीर होतो, मनगट त्याच्या मदतीला येतं, आणि मनगट आलं की माऊस सरकतो. फाईल उघडायच्या ऐवजी तिचं नाव निळं होऊन बदलायला तयार होतं, नाहीतर फाईलच ओढली जाऊन शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडते. मग ती शोधायची. निकालाची फाईल अशी हरवली की आधी छातीत धस्स होतं, हाताची आठवण नंतर येते.

बटण दाबून धरून ओढायचं काम याहून कठीण. आमवातात बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलू लागतात. माऊस धरून ओढताना मनगटही नेमकं त्याच बाजूला वळतं. आजार ज्या दिशेला हात नेऊ पाहतो, त्याच दिशेला काम त्याला ढकलतं.

आणि मराठी लिहायची म्हटली की शिफ्ट. इनस्क्रिप्ट कीबोर्डची रचना सुरेख आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, त्यामुळे हात आलटून पालटून चालतात. १९८६ मध्ये तो मांडला गेला आणि १९९१ मध्ये भारतीय मानकात आला. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्टसह ख. ग बरोबर घ, द बरोबर ध, प बरोबर फ. ध्वनींची संगती शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे पाहून आनंद झाला होता. पण हाताला त्यातली प्रत्येक शिफ्ट मोजावी लागते. ‘मुख्याध्यापिका’ हे माझं पद मी प्रत्येक अर्जाखाली लिहायची. त्याला चौदा कळा लागतात. त्यातल्या बारा सरळ आहेत. ख आणि ध यांच्यासाठी डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरायची आणि उजव्या हाताचं बोट त्याच वेळी दुसरीकडे न्यायचं. डाव्या करंगळीचं मूळ सुजलेलं असेल तर बारा कळा एका दमात होतात आणि उरलेल्या दोन कळांपाशी माणूस थांबतो, श्वास घेतो, पंजा फाकवतो. एका शब्दात दोनदा. मराठी वाक्यात भ, थ, ण, ळ, श किती वेळा येतात हे कुणालाही मोजून पाहता येईल.

यावरचा उपाय संगणकात पहिल्यापासून बसलेला आहे. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज एक चौकट दाखवून ‘स्टिकी कीज’ सुरू करायची का म्हणून विचारतं. ती चौकट जवळजवळ प्रत्येकानं कधीतरी पाहिलेली असते आणि काहीतरी बिघडलं असं समजून बंद केलेली असते. ती सुरू ठेवली तर शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही. आधी शिफ्ट दाबायची, सोडायची, आणि मग सवडीनं पुढची कळ. दोन हातांची कसरत एका बोटाच्या दोन पावलांत सुटते. माऊसचं काम आकड्यांच्या कळांवर देणारी सोय आहे, थरथरत्या बोटाचा दुबार दाब न मोजणारी सोय आहे, डबल क्लिकची मुदत वाढवणारी पट्टी आहे. बटण एकदा दाबलं की ते दाबलेलंच राहील, बोट उचलून निवांत ओढता येईल, अशीही सोय आहे. यातल्या पुष्कळ गोष्टी विंडोज ९५ पासून घरोघरच्या संगणकात आहेत. मला त्यांची नावं कळली ती व्यवसायोपचार करणाऱ्या एका मुलीकडून, आजार जुना झाल्यावर.

तिच्याविषयी कृतज्ञतेनं लिहायला हवं. व्यवसायोपचार ही विद्या भारतात आणली कमलाताई निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, लग्नानं मराठी झालेल्या या बाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा सुरू केली. औषध सांध्यातली आग विझवतं, शल्यविशारद हाड दुरुस्त करतो, आणि या विद्येचा माणूस विचारतो, ‘तुम्हाला दिवसभरात काय काय करायचं असतं?’ पुण्यात मला उपचार देणाऱ्या त्या मुलीनं पहिल्या भेटीत हाताचे फोटो बाजूला ठेवले आणि मला टेबलाशी बसवून टाईप करायला सांगितलं. ती माझ्या मनगटाकडे बघत होती. “मॅडम, लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्यायचं,” ती म्हणाली. “मनगटातून माऊस फिरवू नका. कोपरापासून अख्खा हात हलवा. आणि कळांवर हात टेकवून बसू नका, हलकेच वर धरा.” तिनं खुर्ची दोन बोटं उंच केली, माऊस जवळ ओढला, पडदा समोर घेतला. मग जागच्या जागी राहणारा, वरचा गोळा तळव्यानं फिरवायचा ट्रॅकबॉल दाखवला. दर वीस मिनिटांनी हात सोडायला सांगितले. एवढ्यानं आजार गेला नाही. पण त्या संध्याकाळी मी एक पानभर मजकूर लिहिला आणि रात्री हात उशाला घेऊन झोपले. साताऱ्यात, कोल्हापुरात, सोलापुरात किती रुग्णांना असं टेबलाशी बसवून पाहिलं जातं? औषधाच्या चिठ्ठीबरोबर ‘तुम्ही संगणकावर किती वेळ असता’ एवढा प्रश्न विचारला गेला तरी पुष्कळ हात वाचतील.

यंत्राची ही कोवळीक ज्यांच्यापर्यंत पोचत नाही असं मला सर्वांत जास्त वाटतं, ते म्हणजे अर्ज बनवणारे लोक. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस मला आठवतात. एका सरकारी पोर्टलवर पन्नासएक रकाने. तालुका निवडायची यादी माऊस बाजूला गेला की मिटायची. जन्मसाल निवडायला खाली-खाली सरकत जायचं, तिथला बाण मसुराच्या दाण्याएवढा. खाते क्रमांक दोनदा लिहायचा, दुसऱ्यांदा चिकटवायला बंदी. शेवटी वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहायची. एवढं करून ‘पुढे’ म्हणावं तर पडद्यावर यायचं की तुमचं सत्र संपलं आहे, पुन्हा प्रवेश करा. भरलेलं सगळं गेलेलं. ज्या मुलीचा अर्ज मी भरत होते तिचे वडील बाहेर बाकावर बसलेले असायचे, त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडालेली. माझ्या बोटांच्या संथपणाची किंमत त्यांनी का द्यावी?

सत्र संपण्यामागे सुरक्षेचं कारण आहे हे मला मान्य आहे. उघडं राहिलेलं खातं दुसऱ्याच्या हाती पडू नये. पण वेळ संपायच्या आधी ‘अजून वेळ हवा का?’ एवढं विचारता येतं, आणि एका कळीनं ‘हो’ म्हणता येतं. हे कुणा एकीचं मागणं नाही. संकेतस्थळं सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष ठरले आहेत, त्यांत हे जुनंच कलम आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या निकषांची नवी आवृत्ती आली. तिनं बटणं आणि दुवे किमान २४ बाय २४ पिक्सेलचे असावेत असं सांगितलं, आणि जिथं ओढून काम करायचं असेल तिथं नुसत्या क्लिकचा पर्याय द्यावा असंही सांगितलं. माझ्या मनगटाचं गाऱ्हाणं असं जगाच्या नियमात लिहिलेलं वाचून मला धीर आला. आपल्याकडे ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असा निकाल दिला. तो खटला चेहरा आणि डोळे यांच्यावर आघात झालेल्यांचा आणि दृष्टिहीनांचा होता. डोळ्यांची उघडझाप केल्याशिवाय ओळख पटवून न घेणारी यंत्रणा त्यांच्या वाट्याला आली होती. त्यांनी लढून मिळवलेला हा निकाल आमच्याही उपयोगाचा आहे.

कायद्याच्या कागदावर मात्र आमची जागा अवघड आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. संधिवाताचं नाव त्यात वेगळं नाही. हाताची हालचाल कायमची कमी झाली असेल तर अस्थिव्यंगाखाली मोजमाप होतं, आणि बहुतेक लाभांसाठी ते किमान ४० टक्के भरावं लागतं. हे मोजमाप ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी होणार. दुपारी तीनची माझी मूठ आणि सकाळी सातची माझी मूठ यांतली कुठली खरी म्हणून लिहायची? आजार चढतो-उतरतो, म्हणून तो कमी खरा ठरत नाही. उलट ज्याला उद्या हात कसा असेल हे ठाऊक नसतं, त्याला कामाची आखणी करणं जास्त कठीण जातं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी हिंजवडीत संगणकाचे प्रोग्राम लिहिते. तिला तिशी ओलांडता ओलांडता आमवात निघाला. दिवाळीला भेटायला आली तेव्हा तिच्या हातांकडे पाहून मला विचारावं लागलं नाही. “बाई, मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही,” ती म्हणाली. “सांगितलं तर पुढचं मोठं काम दुसऱ्याला देतील.” तिच्या कामात कंस, अवतरणचिन्हं, अर्धविराम सतत लागतात, ते बहुतेक उजव्या करंगळीच्या पट्ट्यात, आणि निम्म्यांना शिफ्ट. तिनं स्वतःच्या पैशांनी उभा माऊस घेतला आहे, जो हात मिळवल्यासारखा धरायचा असतो. कुणी विचारलं तर पाठीसाठी आहे म्हणून सांगते. सकाळी नऊच्या बैठकीला ती हात टेबलाखाली ठेवते. इतकी हुशार मुलगी दिवसातली किती शक्ती हे लपवण्यात घालवत असेल. तिच्या कचेरीनं काम सुरू करायची वेळ दोन तासांनी पुढे नेली आणि न विचारता हवा तो कीबोर्ड दिला, तर खर्च किती होईल? एका महिन्याच्या चहापाण्याहून जास्त नक्कीच नाही.

सगळ्यांत बोचलेला अनुभव मात्र कीबोर्डवरचा नाही. दर नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो आधारच्या ओळखीवर डिजिटल देता येतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा केंद्रावर बोटाच्या ठशाचं यंत्र होतं, सुपारीएवढी काच आणि तिच्याखाली लाल उजेड. माझा अंगठा मुळाशी आत वळला आहे आणि टोकाशी मागे, त्यामुळे त्याचा गादीचा भाग सपाट टेकत नाही. मुलगा विशीतला, बोलायला गोड. “मावशी, जरा दाबा,” म्हणाला. मी दाबलं. “अजून जरा.” ठसा उमटेना. मागे रांग होती. शेवटी त्यानं मदत म्हणून स्वतःची दोन बोटं माझ्या अंगठ्यावर ठेवली आणि दाबलं. डोळ्यांतून पाणी आलं. तो घाबरला, मी त्याला राहू दे म्हटलं. वाईट याचं वाटलं की त्या काचेला दाब नको असतो, नुसती टेकलेली त्वचा हवी असते. जोर लावला की यंत्र ऐकतं हा आपला जुना समज आहे, तो त्याला कुणी पुसून दिला नव्हता. २०२१ पासून हाच दाखला मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा धरून देता येतो. आता मी घरीच, दुपारी तीनला, खिडकीशी बसून देते. एक वाट बंद असेल तर दुसरी उघडी ठेवायची, इतकी साधी ही सुधारणा आहे, आणि तिनं माझ्यासारख्या किती बोटांची सुटका केली असेल.

आवाजाचंही तसंच. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलनं मराठीसाठी बोलून लिहायची सोय दिली. उसळीच्या दिवसांत तीच माझी लेखणी असते. मी बोलते, अक्षरं धावतात. जोडाक्षरं, ख आणि ध, काही अडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ मात्र तपासून घ्यावं लागतं, विरामचिन्हं हातानं भरावी लागतात, आणि आजोळच्या शब्दांवर यंत्र गोंधळतं. ते होईल दुरुस्त. न सुटणारी अडचण वेगळीच आहे. माझं घर चार माणसांचं आहे. बहिणीला लिहायचं खाजगी पत्र, डॉक्टरांना सांगायचं दुखणं, बँकेतली रक्कम, हे सगळं मोठ्यानं उच्चारून लिहायचं? लिहिण्याचा अर्धा अर्थ त्याच्या एकांतात आहे. शिवाय मी वाक्य बोटांनी घडवत आले आहे. बोलताना वाक्य लांबतं, लिहिताना ते आवळलं जातं. म्हणून आवाजाची सोय आली, आता कीबोर्डचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. मला दोन्ही हवं. कुठल्या दिवशी कुठलं वापरायचं ते माझा हात ठरवील.

घरात मायेची माणसं आहेत, तिथलीही एक गोष्ट बोलायला हवी. मी माऊसशी झटते आहे असं दिसलं की मुलगी म्हणते, “आई, दे ना इकडे, मी करते.” ती दोन मिनिटांत करते. पासवर्ड तिला ठाऊक, ओटीपी तिच्याच फोनवर. तिच्या मनात दुसरं काही नसतं. पण एकेक काम असं हातातून जात राहिलं की एके दिवशी आपल्या पेन्शनीचा आकडाही दुसऱ्याकडून विचारून घ्यावा लागतो. जिनं आयुष्यभर शाळेचे हिशेब सही करून दिले, तिला हे जड जातं. मी तिला एकदा सांगितलं, “करून देऊ नकोस, मला करता येईल असं लावून दे.” त्या रविवारी आम्ही दोघी बसलो. तिनं अक्षरं मोठी केली, डबल क्लिकची मुदत वाढवली, स्टिकी कीज सुरू केल्या, बँकेचं पान एका कळीवर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वीजबिल मी भरलं. तिच्या दोन मिनिटांच्या जागी मला वीस लागली असतील. ती वीस मिनिटं माझी होती.

मराठी घरांतली हजारो मुलं-मुली आज पुण्यात, मुंबईत, नाशकात आणि परदेशांत बसून हीच पानं, हेच अर्ज, हीच ॲप्स बनवतात. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या आया आणि आज्या सकाळी मूठ न वळणाऱ्या आहेत. त्यांच्याकडे माझं मागणं आहे, आणि ते हक्कानं करते आहे. बटण मोठं ठेवा. ओढायला लावाल तिथं क्लिकचीही वाट द्या. वेळ संपायच्या आधी विचारा, आणि भरलेलं जपून ठेवा. यानं कुणाचंच काही बिघडत नाही. हाताला प्लॅस्टर असलेल्याचं, कडेवर मूल असलेल्या बाईचं, एसटीच्या धक्क्यांत फोनवर अर्ज भरणाऱ्याचं उलट भलंच होतं. पुढचा अर्ज तयार झाला की लोकांसमोर ठेवण्याआधी तो एकदा स्वतः भरून पाहा: माऊसला हात न लावता, एकाच बोटानं, प्रत्येक कळीनंतर थांबून. जिथं तुम्ही अडाल, तिथं आम्ही रोज अडतो. तेवढी जागा दुरुस्त करा.